बीड जिल्ह्यातील निवडणूक प्रचार व त्यामागील अर्थव्यवहार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 77 नुसार उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशेब नामनिर्देशनाच्या दिनांकापासून सुरू होतो व निकालाच्या दिवशी संपतो. बीड जिल्ह्याच्या राजकारणाचा अभ्यास करताना ही पहिली तारीखच अडचणीची ठरते, कारण येथील अर्धी लढत त्यापूर्वीच झालेली असते. अमेरिकेत अध्यक्षपदाचा इच्छुक पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत उतरतो तेव्हा 5,000 डॉलरहून अधिक निधी जमताच त्याला संघीय निवडणूक आयोगाकडे नोंदणी करून नियमित विवरण द्यावे लागते. आपल्याकडेही तिकिटासाठी स्पर्धा होते; मात्र तिची चोपडी कोणीच मागत नाही.

हा जिल्हा प्रारंभापासून धनसत्तेच्या हाती होता, असे मात्र नाही. हैदराबाद संस्थानातील मुक्तिलढ्याची पार्श्वभूमी असलेल्या या मतदारसंघाने 1952 साली पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना लोकसभेत पाठविले. 1967 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील येथून निवडून आले. ते मूळचे येडेमच्छिंद्रचे, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते. बीडमध्ये त्यांचा ना कारखाना होता, ना बँक, ना शिक्षणसंस्था. 1977 साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे विजयी झाले. पंचवीस वर्षांत तीनदा डाव्या विचाराचा खासदार देणारा हा जिल्हा पुढे साखर व सहकाराच्या राजकारणासाठी ओळखला जावा, हे स्थित्यंतर अभ्यासकांनी पुरेसे तपासलेले नाही.

त्या स्थित्यंतराचे वाहन सहकारी संस्था ठरल्या. गेवराईचा जयभवानी, तेलगावचा माजलगाव, अंबाजोगाईचा अंबासाखर व परळीजवळील पांगरी येथील वैद्यनाथ या कारखान्यांभोवती जिल्ह्यातील प्रमुख राजकीय गट उभे राहिले. कारखान्याला गावोगाव गट कार्यालये असतात, वाहने असतात, कोणाचा ऊस आधी तोडला जाईल हे ठरविण्याची शक्ती असते. प्रचारयंत्रणेला याहून अधिक काय हवे? संदीप सुखटणकर यांनी 1993 ते 2005 या काळातील महाराष्ट्रातील कारखान्यांचा अभ्यास करून असे दाखविले, की राजकीय नेत्यांच्या ताब्यातील कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला तुलनेने कमी भाव देतात. त्याची काही अंशी भरपाई शेतकऱ्यांना नंतर होत असल्याचेही त्यांना आढळले. म्हणजे प्रचाराच्या निधीचा एक भाग ऊस उत्पादकाने, त्याला न विचारता, उसनवार दिलेला असतो.

बीडचे वेगळेपण असे, की येथे ऊस पिकविणाऱ्यांपेक्षा ऊस तोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दसरा-दिवाळीनंतर लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. मुकादम कारखान्याकडून उचल घेतो आणि ती कोयत्यांमध्ये, म्हणजे पती-पत्नीच्या जोड्यांमध्ये, वाटतो. वाडी-तांड्यावर उमेदवाराचा शब्द पोहोचविणारा दुवाही पुष्कळदा हा मुकादमच असतो. उचल ही मजुरीची आगाऊ रक्कम; तिच्यासोबत येणारे राजकीय ओझे कोणत्याही विवरणपत्रात दाखविता येत नाही.

या दोन हिशेबांतील अंतर एकदा उघडपणे बोलले गेले. बीडचे तत्कालीन खासदार गोपीनाथ मुंडे यांनी जून 2013 मध्ये मुंबईतील एका समारंभात, 2009 च्या निवडणुकीत आपला खर्च 8 कोटी रुपयांवर गेल्याचे विधान केले. त्या वेळी महाराष्ट्रात लोकसभेसाठी मर्यादा 25 लाखांची होती. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस बजावली. ज्याने हे बोलून दाखविले तोच अडचणीत आला, गप्प राहिलेल्यांना कोणी काही विचारले नाही, हाही या प्रकरणातील एक बोध. मुळात 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला होता. संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून ती वाट बंद केली व 2003 मध्ये ती अंशतःच उघडली. नांदेड जिल्ह्यातील भोकरच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या प्रकरणात 5 मे 2014 रोजी न्यायालयाने आयोगाला हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले.

मर्यादा मात्र वाढत गेली : 2011 मध्ये 40 लाख, 2014 मध्ये 70 लाख, 2022 मध्ये 95 लाख. याच 95 लाखांच्या मर्यादेत 2024 ची लोकसभा निवडणूक झाली व बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा 6,553 मतांनी पराभव केला. एवढ्या निसटत्या निकालात एखाद्या तालुक्यातील मुकादमांचा कल किती मोलाचा ठरतो, हे वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला, ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर आले. त्या वर्षाची उचल तोवर वाटून झालेली होती. उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदवहीचे पहिले पान त्यानंतर उघडले.