सराई अमानत खान

पंजाबच्या तरनतारन जिल्ह्यातील गाव व त्याच नावाची मोगल सराई. दोहोंची नोंद एकत्रच करावी लागते, कारण गावातली काही घरे सराईच्या कोटातच आहेत. मराठीत सराई म्हणजे लग्नाचा किंवा सुगीचा हंगाम. ही सराई मात्र आपल्या धर्मशाळेच्या जातीची. चौकोनी कोट, त्याला आतून ओवऱ्यांसारख्या लागलेल्या कोठड्या, मधल्या अंगणात मशीद आणि दोन दरवाजे, एक दिल्लीकडचा, एक लाहोरकडचा. आग्रा-लाहोर बादशाही रस्त्यावर ती बांधली ताजमहालाचा सुलेखनकार अमानत खान शिराझी याने. त्याचा भाऊ, शाहजहानचा वजीर अफझलखान (विजापूरचा नव्हे), १६३९ मध्ये वारला. त्यानंतर अमानत खानाने दरबार सोडला. दरवाज्यावरील लेखात हिजरी १०५०, म्हणजे इ. स. १६४०-४१, हे वर्ष आहे.

लोक राहायला आले आणि वास्तू बिघडली, असे या सराईबद्दल सहज म्हटले जाईल. ते पटण्यासारखे नाही. सराईचा जीव रस्त्यात असतो. इंग्रजी अमदानीत हमरस्ता जालंधर-अमृतसरवरून गेला, पुढे १९४७ च्या सरहद्दीने लाहोरची जुनी वाटच तोडली. वाटसरूच उरला नाही, तेव्हा कोठडी ओस तरी पडणार किंवा कुणाचे तरी घर होणार. ओस पडलेल्या विटांचे पंजाबात काय होते, ते हडप्पाने दाखवले आहे : लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावात तिथल्या विटा गेल्या. ज्या भिंतीआड चूल पेटते, तिच्या विटा अशा गाडीत भरून नेता येत नाहीत. कोठड्यांची मोडतोड झाली, नवी दारे फुटली, गिलावे चढले, हा आक्षेप खराच आहे आणि ते नुकसान भरून येणारे नाही. तरीही चौकोन शाबूत राहिला, तो आत माणसे होती म्हणून.

शिवाय सराईचे खरे वैभव, रंगीत काशीकाम (झिलईदार फरश्यांची नक्षी), दरवाज्यांवर आहे, कोठड्यांवर नव्हे. ताजमहालात अमानत खानाची अक्षरे पांढऱ्या संगमरवरात काळ्या दगडाने जडवली आहेत, इथे ती झिलईदार फरश्यांच्या कातीव तुकड्यांची. प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापून चुन्यात बसवलेला. त्यामुळे तुकडा निखळला की चुन्यात त्याच्याच आकाराचा खळगा उरतो, आणि अक्षराचे वळण त्या खळग्यावरूनही ओळखू येते.