आजोबांचं ऑस्ट्रेलियन तेल

तासगावच्या आमच्या बेदाणा शेडमध्ये कोपऱ्यात एक निळा कॅन असायचा. त्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. "ऑस्ट्रेलियाचं त्येल हाय त्ये," आजोबा सांगायचे. वाचता यायला लागल्यावर मी कॅनवरचा मुंबईचा पत्ता त्यांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. ते जराही डगमगले नाहीत. "कॅन हितला असंल. रीत तिकडची."

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी व्हिक्टोरियाच्या वायव्य टोकाला, रेड क्लिफ्सला येऊन पडले, तेव्हा हे वाक्य मी विसरूनही गेले होते. मिल्ड्युरापासून साधारण 15 किलोमीटरवरचं हे छोटं गाव. मरे नदीकाठच्या तांबड्या कड्यांवरून त्याला नाव मिळालं. वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस नाही. आपला जत-आटपाडीचा भागही यापुढे ओला वाटावा. पण डोंगरातला बर्फ वितळून नदीला पाणी येतं आणि ते उपसून द्राक्षं पिकतात.

शेजारी नव्वदीचे एक गृहस्थ राहतात. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारते, मनात मात्र आबा म्हणते. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक. सरकारनं अशा जवळपास 700 जणांना रेड क्लिफ्सला जमिनीचे तुकडे दिले. तुकडा म्हणजे ब्लॉक आणि तो कसणारा तो ब्लॉकी. आबा अजून स्वतःची ओळख तशीच करून देतात, ब्लॉकीचा मुलगा ब्लॉकी.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला मागची रॅक दाखवली. लांबच लांब, तारेच्या जाळीचे एकावर एक थर, वर पत्रा, दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या. मी तिथेच थबकले. थेट आमची शेड! ते सांगू लागले, घड पाण्यात बुडवायचे, त्या पाण्यात पोटॅश आणि डिपिंग ऑइल... पुढचं मीच म्हणाले : लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, 15 मिली तेल. त्यांचा हिशेब पौंड-गॅलनचा. त्यांनी बोटांवर आकडेमोड केली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

तेल म्हणजे इथाइल ओलिएट. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी आत कोंडून ठेवतो. या द्रावणानं त्या थरातून पाण्याला वाट मिळते आणि चार-पाच आठवड्यांचं वाळवण दोनेक आठवड्यांवर येतं. मूळ युक्ती भूमध्य समुद्राकाठची, राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल. आबांच्या वडिलांच्या पिढीनं आधी उकळत्या कॉस्टिक सोड्यात घड बुडवून हात भाजून घेतले होते, मग ही थंड रीत इथे रुळली. इथून ती सांगली-तासगावला पोचली. द्राक्षही एकच. इथली सुलताना आणि आपली थॉमसन सीडलेस ही एकाच वाणाची दोन नावं, आणि थॉमसनमधूनच आमच्या भागात निवडलेला वाण म्हणजे तास-ए-गणेश.

आबांच्या गोष्टींची सुरुवात मात्र वडिलांपासून होत नाही, चॅफी बंधूंपासून होते. व्हिक्टोरियाचे मंत्री आल्फ्रेड डीकिन 1885 मध्ये कॅलिफोर्नियातलं पाटपाणी बघायला गेले. तिथे जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे कॅनडात जन्मलेले भाऊ त्यांना भेटले. 1887 मध्ये मिल्ड्युराची वसाहत सुरू झाली. अर्थात लाट्जी लाट्जी लोक या नदीकाठी हजारो वर्षं राहत होते. आबांच्या गोष्टीत ते क्वचितच येतात, आणि तेही मी विचारलं तर.

जॉर्जनं पंप स्वतः आखले. पण पाटांच्या मातीत यॅबी, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकड्यासारखे जीव, बिळं करून पाणी गळवायचे. रेल्वे नव्हती. माल बोटीवर अवलंबून आणि उन्हाळ्यात नदी आटली की बोटी रुतायच्या. 1895 मध्ये कंपनी बुडाली. जॉर्ज अमेरिकेला परतला, विल्यम इथेच ब्लॉकी होऊन राहिला आणि 1920 मध्ये मिल्ड्युराचा पहिला महापौर झाला. रेल्वे 1903 मध्ये आली, कंपनी बुडून आठ वर्षं झाल्यावर!

डीकिनसाहेबांशी माझं जरा वेगळं भांडण आहे. 1890 च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानातले कालवे बघून आले आणि 1893 मध्ये त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. 1901 मध्ये मात्र आमच्यासारख्यांना देशाबाहेर ठेवणाऱ्या कायद्याची संसदेत तरफदारीही त्यांनीच केली. आमचे कालवे चालले, आम्ही नाही. मिल्ड्युराचा मुख्य रस्ता त्यांच्या नावाचा आहे. आठवड्याची भाजी मी त्याच रस्त्यावरून आणते.

आबांची लाडकी गोष्ट बिग लिझीची. फ्रँक बॉट्रिल नावाच्या माणसानं मेलबर्नमध्ये 45 टनांचं इंजिन बांधलं आणि ब्रोकन हिलकडे निघाला. चाकांना फळ्या अशा जोडलेल्या, की यंत्र आपला रस्ता आपणच अंथरत चालायचं. मिल्ड्युरापाशी नदीच्या पुरानं त्याला अडवलं. पलीकडे जाता येईना, म्हणून ते इथेच मॅलीची झाडं मुळासकट उपटण्याच्या कामाला लागलं. गावाच्या चौकात लिझी अजून उभी आहे. आबा मुलांना सांगतात, तिच्या साखळीला घाबरून झाडं आपणहून बाहेर यायची. यातलं किती खरं ते लिझीच जाणे.

मिल्ड्युराकडे मात्र बेदाणे त्याआधीच इतके झाले होते, की खायला माणसं कमी पडली. तेव्हा जॅक डी गॅरिस या जाहिरातबाज गड्यानं 1919 मध्ये, फ्लूच्या साथीत, बेदाणे खा आणि साथीला भिऊ नका, असा धडाका लावला. त्यानं रुजवलेल्या 'सनरेज्ड' या शब्दातून अख्ख्या भागाला सनरेशिया नाव पडलं. स्वतः मात्र कर्जात बुडून 1926 मध्ये त्यानं जीव दिला. आबा हे सांगताना आवाज उतरवतात, घरातल्या कुणाबद्दल बोलावं तसा.

आता बऱ्याच रॅक रिकाम्या आहेत. तुर्कस्तानच्या स्वस्त मालापुढे भाव टिकेना, म्हणून कुणी वाइनची द्राक्षं लावली, कुणी चीनला पाठवायची खायची द्राक्षं. आबांच्या रॅकवर आता नातवंडांच्या सायकली असतात.

एक गंमत मात्र आहे. इथे वेली थंडीत झोपतात, छाटणी एकदाच. आपल्याकडे थंडी कसली, म्हणून एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तरी बेदाण्याचा हंगाम दोन्हीकडे फेब्रुवारी-मार्चलाच येतो. त्या दिवसांत तासगावहून काकांचा फोन आला, की पहिला प्रश्न आभाळाचा. 2011 च्या फेब्रुवारीत इथे आभाळ फाटलं, तेव्हाचा चिखल आबा अजून हातानं मोजून दाखवतात.

गेल्या महिन्यात मेलबर्नच्या भारतीय दुकानात सांगलीच्या हिरव्या बेदाण्याचं पाकीट मिळालं. आबांपुढे वाटी ठेवली. इथला बेदाणा सोनेरी तपकिरी, हिरवा पाहून ते चकित झाले. सावलीत वाळवतो आणि गंधकाची धुरी देतो, मी सांगितलं. त्यांनी एक दाणा खिडकीच्या उजेडात धरला, बोटांत फिरवला, आजोबा सौद्यात फिरवायचे तसाच. मग तोंडात टाकून सावकाश चावला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण काडी राहिली आहे."