ऐकणाऱ्यांची चळवळ

विहाराच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे नेहमीप्रमाणे इतिहासावर लेख मागितला. आजवर महाडच्या सत्याग्रहावर लिहिले, गिरणी संपावर लिहिले. यंदा विषय जरा वेगळा घेतला आहे. जीव नकोसा झालेल्या माणसाने फोन करावा आणि पलीकडे एखाद्या साध्या माणसाने, एक पैसा न घेता, त्याचे ऐकून घ्यावे, अशी सेवा जगात पुष्कळ ठिकाणी चालते. तिचा हा इतिहास आहे. समाजबांधव म्हणतील, याचा आपल्या वस्तीशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आधीच सांगून टाकतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमची गिरणी त्या वेळी बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाही. पगार अर्धा, तोही महिनोन्‌महिने लटकलेला. आमच्याच खात्यातला एक साथी, वयाने आमच्याहून दहा वर्षांनी लहान. एका रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "दादा, झोपलात का?" आम्ही उठून बसलो आणि बोलायला लागलो. कार्यकर्त्याला बोल म्हणून सांगावे लागत नाही! बाबासाहेबांनी किती हाल सोसले, परळच्या चाळीत अभ्यास कसा केला, ८२ च्या संपात आमच्या वडिलांनी भाजी विकून घर कसे चालवले, सगळे सांगितले. तो "हो दादा, हो दादा" करीत होता. आम्ही समाधानाने झोपलो. तिसऱ्या दिवशी निरोप आला की तो इस्पितळात आहे. वाचला. नशिबाने वाचला असे आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या बाईंनी वेळेवर दार वाजवले म्हणून वाचला. महिन्याभराने भेटायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, त्या रात्री फोन मी केला, पण बोललात तुम्हीच."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मग आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. इंग्रजी अडले की मुलीला विचारायचे. असे करीत जे हाती लागले ते पुढे मांडतो.

इंग्लंडमध्ये लिंकन नावाचे गाव आहे. १९३५ साली तिथे चॅड व्हरा नावाचा तरुण पाद्री नव्यानेच कामाला लागला होता. त्याच्या हातून झालेला पहिला दफनविधी चौदा वर्षांच्या एका मुलीचा होता. तिने स्वतःचा जीव घेतला होता. कारण काय, तर तिला पाळी आली होती. पाळी म्हणजे काय हे तिला कोणी सांगितले नव्हते. आपल्याला घाणेरडा रोग झाला, असे तिला वाटले. विचारायला माणूस नव्हता. आई, शाळा, देऊळ सगळे होते. विचारावे असे कोणी नव्हते. हे वाचून आम्ही हातातले पुस्तक खाली ठेवले. आपल्या वस्तीत तरी हे कोण सांगते? आमच्या घरात तर नव्हतेच सांगितले.

व्हरा यांनी ही गोष्ट अठरा वर्षे मनात ठेवली. लंडनमध्ये त्या काळी दिवसाला सरासरी तीन माणसे आत्महत्या करीत. आग लागली किंवा चोर आला तर तिथे ९९९ हा नंबर फिरवायची सोय १९३७ पासून होती. मग जीवावर उदार झालेल्या माणसासाठी नंबर का नसावा? १९५३ साली लंडनच्या मध्यवस्तीतील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचा कारभार त्यांच्याकडे आला आणि २ नोव्हेंबर १९५३ रोजी तिथल्या काळ्या टेलिफोनवर पहिला कॉल आला. नंबर होता मॅन ९०००. तो फोन आजही त्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. एका वर्तमानपत्राने या कामाला 'टेलिफोनवरचे समॅरिटन' असे नाव दिले आणि तेच नाव कायम झाले.

हे समॅरिटन कोण, ते सांगायला हवे. ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. एका वाटसरूला लुटारूंनी मारून रस्त्यात टाकले. त्याच्याच जमातीचा पुजारी आला, पाहून पलीकडून निघून गेला. दुसरा देवळातला सेवेकरी आला, तोही गेला. तिसरा आला तो समॅरिटन, म्हणजे ज्या लोकांशी त्या जमातीची माणसे कसलाच व्यवहार ठेवीत नसत, पाणीसुद्धा मागत नसत, त्यांच्यातला. तो थांबला, त्याने जखमा बांधल्या. आपल्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

आता खरा इतिहास इथून पुढे आहे. व्हरा यांची कल्पना अशी की आपण शिकलेलो आहोत, समुपदेशन जाणतो, तेव्हा लोक फोन करतील, भेटायला येतील आणि आपण त्यांना सल्ला देऊ. बातम्या छापून आल्या आणि माणसांची रीघ लागली. सगळ्यांना भेटणे एकट्याने होईना. मदतीला काही लोक आपणहून आले होते. ते डॉक्टर नव्हते, पाद्री नव्हते. त्यांचे काम इतकेच की बाहेर बसलेल्यांना चहा द्यायचा, वेळ जाईपर्यंत सोबत बसायचे. थोड्याच आठवड्यांत व्हरा यांच्या लक्षात आले की बाहेर बसलेली पुष्कळशी माणसे त्यांना न भेटताच परत जात आहेत. चहा देणाऱ्यापाशी मन मोकळे झाले, काम झाले! आत तज्ज्ञ बसलेला आणि गरज भागते बाहेरच्या बाकड्यावर.

दुसरा कोणी असता तर त्याने चहावाल्यांना दटावले असते. व्हरा यांनी उलटे केले. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी फोन त्या स्वयंसेवकांच्या हाती दिला आणि माणसे निवडणे, त्यांना शिकवणे हे काम स्वतःकडे घेतले. आमच्या मते हा त्या माणसाचा मोठेपणा. नेता होऊन बसणे सोपे आहे, चाळीस वर्षे चळवळीत आम्ही तेच पाहत आलो आहोत.

आणखी एक. व्हरा स्वतः पाद्री, पण फोनवर धर्म सांगायचा नाही, प्रार्थना कर म्हणायचे नाही, हा नियम त्यांनी घातला. समोरचा कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, त्याने काय पाप केले, हे विचारायचे नाही. नावही विचारायचे नाही. सल्ला द्यायचा नाही. मग करायचे काय? ऐकायचे. गप्प राहिला तर आपणही थांबायचे. आणि शंका आली तर सरळ विचारायचे की तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणसाचा बांध फुटतो आणि तो बोलू लागतो. पाळी संपली की स्वयंसेवकाने आपल्या सहकाऱ्यापाशी स्वतःचे मन हलके करूनच घरी जायचे, असाही रिवाज आहे. दुसऱ्याचे दुःख रात्रभर ऐकायचे म्हणजे यंत्रावरच्या रातपाळीपेक्षा हलके काम नव्हे.

हे काम साध्या माणसांना जमते असे दिसल्यावर ते पसरायला वेळ लागला नाही. १९५९ साली एडिंबरोला शाखा निघाली, मग बंदराची गावे, कारखान्यांची गावे, लहान बाजारपेठा. आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये दोनशेच्या आसपास शाखा आहेत आणि फोन घेणारे हजारो लोक कोणी मास्तर, कोणी कारकून, कोणी निवृत्त माणूस. १९९१ साली वेल्समधील स्वान्सीच्या तुरुंगात तर कैद्यांनाच शिकवून तयार केले. कैद्याचे कैद्याने ऐकायचे. ती पद्धत पुढे इतर तुरुंगांतही गेली.

त्या काळात तिथे कायदा काय होता तेही लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा १९६१ पर्यंत गुन्हा होता. म्हणजे फोन करणारा माणूस मरणाला भीत नव्हता, पण पोलिसाला भीत होता. नाव न विचारण्याचे महत्त्व यावरून कळेल. तेच कलम इंग्रजांनी आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत घातले, कलम ३०९, एक वर्षापर्यंत कैद. त्यांनी आपले कलम काढून टाकले, आपल्याकडे मात्र ते राहिले. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पोलीस शिपायाचे प्रकरण आले. अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता, त्या अवस्थेत त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावरच खटला भरला गेला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला, पण १९९६ साली मोठ्या पीठाने तो फिरवला. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला अतीव ताणाखाली होता असे धरावे, शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तीत जुने कलम उरले नाही. फक्त सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. तरी आमच्या साथीकडे इस्पितळात जबाब घ्यायला माणसे आली तेव्हा त्याच्या बायकोला वाटले, आता नवऱ्याला पकडून नेतात. कायदा कागदावर बदलतो, वस्तीत यायला त्याला वेळ लागतो.

आपल्या देशात हे काम रुजवण्यात चेन्नईच्या 'स्नेहा' संस्थेचे नाव पुढे आहे. डॉ. लक्ष्मी विजयकुमार या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ती १९८६ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. स्वतः डॉक्टर, पण फोनवर बसवले ते शिकवून तयार केलेले स्वयंसेवक.

१९८६ साली फोन होता कुणाकडे, हा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या चाळीत वाण्याच्या दुकानात एक फोन. कागदावर नंबरपुढे कंसात 'पी. पी.' लिहायचे आणि वाण्याच्या पोराने खालून हाक मारायची. पुढे पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, तिथे मागे रांग उभी. अशा जागी कोण रडणार? म्हणून 'स्नेहा'चे दार नुसत्या फोनपुरते ठेवले नाही, माणसाने प्रत्यक्ष यावे, पत्र लिहावे, हीही सोय ठेवली. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतात, तेव्हा बोलायला जागा आजही जिन्यातच शोधावी लागते.

'स्नेहा'ची आम्हाला पटलेली गोष्ट अशी की ती फोनपाशीच थांबली नाही. तामिळनाडूत नापास झालेली मुले जीव देत होती. एका विषयासाठी वर्ष वाया जाऊ नये, लगेच फेरपरीक्षा घ्या, असा आग्रह संस्थेने धरला आणि सरकारने तशी सोय केली. आपल्या महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैत सुरू झाली. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने किनारा धुऊन नेला तेव्हा त्यांचे स्वयंसेवक चेन्नईच्या किनाऱ्यावरील वस्तीत जाऊन, ज्यांची माणसे गेली त्यांच्यापाशी बसले. कडलूर जिल्ह्यात काही गावांत शेतीची औषधे घरात न ठेवता गावच्या एका जागी कुलूपबंद पेट्यांत ठेवण्याचा प्रयोग झाला. त्या गावांत आत्महत्या घटल्याचे अभ्यासात आढळले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये आत्महत्या उतरल्या तेव्हा सगळे श्रेय टेलिफोनला दिले गेले. १९७८ च्या एका अभ्यासाने ते श्रेय काढून घेतले. घरोघरी येणारा जुना विषारी गॅस जाऊन साधा गॅस आला, हे मोठे कारण निघाले. म्हणजे फोन हा रामबाण उपाय नाही. पगार थकला असेल तर पगारच मिळाला पाहिजे, त्यासाठी मोर्चाच काढावा लागेल. फोनवरचा माणूस पगार देऊ शकत नाही. पण मोर्चा निघेपर्यंतच्या रात्री कोणाबरोबर काढायच्या, एवढाच हा प्रश्न आहे. आमच्या साथीला त्या रात्री तेवढेच हवे होते.

'स्नेहा'सारख्या संस्था पुढे इतर शहरांतही झाल्या. हैदराबादला रोशनी, दिल्लीत सुमैत्री, कोचीला मैत्री, पुदुच्चेरीला मैत्रेयी. मैत्री हा शब्द आपल्याला नवा नाही, रोज वंदनेनंतर आपण तो भावनेत म्हणतो. मुंबईत समॅरिटन्स नावाची संस्था आहे. पुण्यात २००५ पासून कनेक्टिंग ट्रस्टचे स्वयंसेवक फोन घेतात. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस सेवा चालू केली, नंबर १४४१६. ती स्वयंसेवकांची नाही, पण फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. वाचकांनी हा नंबर लिहून घ्यावा.

हा नंबर विहाराच्या फळ्यावर लिहावा असे आम्ही कार्यकारिणीत सुचवले तेव्हा थोडा वाद झाला. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, मंगल जागी असले विषय कशाला? महिला मंडळाच्या अध्यक्षा बाईंनी त्यांना परस्पर उत्तर दिले, ते इथे छापण्यासारखे नाही. नंबर लिहिला गेला. शिवाय स्वयंसेवकांचे प्रशिक्षण कुठे मिळेल याची चौकशी करायचे ठरले आहे. मंडळाच्या दोघी बाया आणि रिक्षा चालवणारा एक तरुण यांनी नावे दिली आहेत. आमचेही नाव आहे, पण भाषणाची सवय आधी मोडावी लागेल, असे घरून बजावण्यात आले आहे.