परक्यांच्या दफ्तरातील राजे

बायबलातील थोर पुरुषांचा कालानुक्रम लावू पाहणाऱ्या अभ्यासकाला आरंभीच असे आढळून येते की, ज्यांच्या वयाचे आकडे ग्रंथात सर्वांत काटेकोरपणे दिलेले आहेत, त्यांचाच काळ सर्वांत अनिश्चित आहे. आदाम 930 वर्षे जगला, मथुशलह 969 वर्षे. आब्राहाम शंभर वर्षांचा असताना त्याला इसहाक झाला आणि 175 व्या वर्षी त्याने देह ठेवला. आर्मा येथील आर्चबिशप जेम्स अशर यांनी या आकड्यांची सांगड घालून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. 4004 मधील 23 ऑक्टोबरच्या पूर्वसंध्येला झाल्याचे 1650 साली प्रसिद्ध केले, आणि पुढे 1701 पासून ती साले इंग्रजी बायबलाच्या समासात छापली जाऊ लागल्यामुळे कित्येक पिढ्यांच्या वाचकांनी ती मूळ संहितेइतकीच प्रमाण मानली. अशर यांची थट्टा करणे आज फार सोपे झाले आहे. परंतु त्यांची विद्वत्ता दांडगी होती, आणि दोष त्यांच्या गणितात नसून त्यांना मिळालेल्या सामग्रीत होता. शेथच्या जन्मसमयी आदामाचे वय हिब्रू पोथीत 130 आहे, तर ग्रीक भाषांतरात 230. यहुदी परंपरा आपल्या हिशेबाने थेट इ. स. पू. 3761 वर येऊन थांबते.

मोशेपासून शलमोनापर्यंतचा काळही असाच पुसट आहे. मिसरातून निघाल्यानंतर 480 व्या वर्षी शलमोनाने मंदिराची उभारणी सुरू केली असे ग्रंथ सांगतो. पण 480 म्हणजे बारा वेळा चाळीस, आणि दावीद व शलमोन या दोघांचीही कारकीर्द चाळीस चाळीस वर्षांचीच सांगितलेली असल्यामुळे, हा आकडा मोजून घातला की पिढ्यांच्या ठोकळ अंदाजाने, असा संशय आल्यावाचून राहत नाही. आब्राहाम आणि मोशे यांची नावे कोणत्याही समकालीन राजाच्या दरबारी कागदांत आढळत नाहीत, आणि निश्चित साल तर अशा कागदांतूनच मिळते.

हे कागद, किंवा खरे सांगायचे तर भाजलेल्या मातीच्या इष्टिका, सापडल्या त्या शत्रूंच्या राजधान्यांत. असुर देशात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देण्याची वहिवाट होती आणि त्या नावांच्या शकावल्या दफ्तरदारांनी शतकानुशतके सांभाळल्या. 1827 साली कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत उमेदवार म्हणून दाखल झालेल्या आणि येथे राहून फारसी शिकलेल्या हेन्री रॉलिन्सन यांनी 1862 मध्ये या शकावल्या उजेडात आणल्या. त्यांत गुजाना प्रांताचा सुभेदार बुर-सगाले याच्या वर्षी, असुर शहरात बंड झाले आणि सिमानु महिन्यात सूर्याला ग्रहण लागले, अशी नोंद आहे. ज्योतिर्गणिताने हे ग्रहण इ. स. पू. 763 च्या 15 जूनचे ठरले, आणि त्या एका खुंटीला मागचीपुढची सारी साले टांगता आली.

याचा परिणाम कसा झाला, ते अहाब आणि येहू यांच्या उदाहरणावरून दिसेल. करकर येथे इ. स. पू. 853 मध्ये झालेल्या लढाईत इस्राएलाच्या अहाबाने 2,000 रथ आणि 10,000 पायदळ आणले होते, असे असुरराज तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात आहे; त्याच राजाला 841 मध्ये येहूने खंडणी दिल्याची नोंद आहे, आणि लेयार्ड यांना निमरूद येथे 1846 साली सापडलेल्या काळ्या स्तंभावर तो प्रसंग कोरलेला आहे. मधले अंतर बारा वर्षांचे. परंतु बायबल या दोहोंच्या दरम्यान अहज्याला दोन आणि योरामाला बारा, अशी चौदा वर्षे देते. हा पेच एडविन थीले यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोडवला तो असा की, इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्यात राजा तख्तावर बसला ते अपुरे वर्षही त्याचे पहिले वर्ष म्हणून मोजीत, त्यामुळे तेच वर्ष गेलेल्या राजाच्या आणि आलेल्या राजाच्या अशा दोघांच्याही खात्यावर जमा होई. प्रत्येकाचे एक वर्ष वजा केले की बाकी बरोबर बारा उरते.

सर्वच हिशेब असे जुळत नाहीत. असुरराज सन्हेरीबाने इ. स. पू. 701 मध्ये यहूदावर मोहीम केली तेव्हा तेथील राजा हिज्कीयाने तीस किक्कार सोने दिले, याविषयी विजेता आणि पराभूत यांचे एकमत आहे. चांदी मात्र बायबलात 300 किक्कार आणि असुरांच्या दफ्तरात 800. स्वारी हिज्कीयाच्या चौदाव्या वर्षी झाली असे बायबल म्हणते, आणि इस्राएलाची राजधानी शोमरोन हिचा पाडाव त्याच्या सहाव्या वर्षी झाला असेही म्हणते. पण शोमरोन पडले ते 722 च्या सुमारास, म्हणजे दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानता येत नाहीत. दोन दफ्तरे एकमेकांना छेद देतात तेथे इतिहासकाराने घाईने निवाडा करू नये, हे माझे मत येथेही कायम आहे.

या सर्व मालिकेत ज्याचा काळ जवळजवळ दिवसापर्यंत निश्चित झाला, तो पुरुष दावीद नव्हे, शलमोनही नव्हे, तर यहूदावर अवघे तीन महिने राज्य करून कैद झालेला यहोयाखीन होय. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या द्वितीयेला, यरुशलेम हस्तगत झाले, असे 1956 मध्ये प्रसिद्ध झालेली बाबेलची बखर सांगते. ती तारीख इ. स. पू. 597 च्या मार्चच्या मध्यावर येते. कैदेतील राजाची पुढील हकीकत बाबेलच्या राजवाड्यातील शिध्याच्या नोंदींत मिळते. अर्न्स्ट वाइडनर यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या इष्टिकांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना किती तेल द्यावयाचे ते कारकुनाने लिहून ठेवले आहे, आणि त्या संचातील एका इष्टिकेवर 592 हे साल पडते.

या तेलाच्या हिशेबाने पोथीतील एका जुन्या वादावरही प्रकाश पडला. गादीवर बसताना यहोयाखीन अठरा वर्षांचा होता असे ‘राजे’ या ग्रंथात आहे, तर ‘इतिहास’ या ग्रंथाच्या हिब्रू प्रतीत तो आठ वर्षांचा होता असे आहे. ‘राजे’ सांगतो की राजाबरोबर त्याच्या स्त्रियांनाही बाबेलला नेले. आणि 597 मध्ये आठ वर्षांचा असलेला मुलगा त्या शिध्याच्या काळात पाच पुत्रांचा पिता असणे संभवत नाही. म्हणून अठरा हाच आकडा ग्राह्य धरतात, आणि आठचा आकडा नकलकाराच्या हातून दहा गळल्यामुळे आला असे मानतात.