बोटातला उजेड

बीड जिल्ह्यातले कपिलधार आपण पाहिले असेल. नसेल तर पावसाळ्यात तिथला धबधबा पाहावा, आणि कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीकडे पायी येणाऱ्या दिंड्याही पाहाव्यात. चढण चढून एखादे आजोबा दम खात बसलेले असतात. अलीकडे अशा एखाद्या मनगटावर नातवाने दिलेले घड्याळही दिसायचे. ते उलटे करून पाहा, काचेखाली हिरवा दिवा लुकलुकतो. हा दिवा नाडी मोजतो! वैद्यबुवा तीन बोटांनी करीत, ते काम उजेडाने.

कसे म्हणाल, तर रात्री पेटत्या विजेरीवर बोट ठेवा. बोट लालबुंद दिसते. दर ठोक्याला त्यात रक्त थोडे वाढते, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो. अमेरिकेत हर्ट्झमन यांनी १९३७-३८ च्या सुमारास प्रकाशाने ही लाट टिपली. त्याआधी, १९३५ मध्ये, जर्मनीत माथेस यांनी दोन रंगांच्या प्रकाशाने कानाच्या पाळीतला प्राणवायू मोजला होता. प्राणवायू भरलेले रक्त तांबडेलाल, रिते झालेले काळसर; सारी किमया या रंगात आहे. पण कातडी, हाड, शिरांतले रक्त हे सगळेच प्रकाश खातात. मग धमनीचा हिशेब वेगळा काढायचा कसा?

ते कोडे सुटले जपानात. ताकुओ आओयागी हे हृदयातून किती रक्त बाहेर पडते ते रंगद्रव्याच्या साह्याने मोजू पाहत होते, आणि नाडीची थरथर मध्ये येऊन त्यांची रेघ बिघडवीत होती. ही पीडा घालवता घालवता त्यांच्या ध्यानात आले की, थरथरते ते फक्त धमनीतले रक्त, बाकी सारे स्थिर! दोन रंगांतल्या थरथरीचे प्रमाण काढले की काम झाले. हे १९७४ साल. मौज अशी की, जी अडचण होती तीच उत्तर निघाली.

आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच सप्टेंबरात महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, आणि तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन पथके घरोघर फिरू लागली. करोनात माणूस नीट बोलतोय, हसतोय, आणि प्राणवायू मात्र उतरलेला, असे घडे. ते त्या चिमट्याने उघडे पडे.

पण एक गोष्ट खुपते. या यंत्राचे आकडे बसवतात ते निरोगी माणसांवर, आणि त्यांत उजळ कातडीचेच फार असत. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की प्राणवायू खरोखर कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडले. आता उन्हात रापलेला, ऊस तोडून घट्टे पडलेला बीडचा हात घ्या. त्याच्यासाठी हे आकडे कोणी तपासले? मनगटावरच्या घड्याळाचे तर विचारूच नका. नाडी ते बरी सांगते, प्राणवायूच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये.

तेव्हा चिमटा लावण्याआधी घटकाभर बसावे, गार हात चोळून ऊन करावा, नखांचा रंग पुसावा. आणि आकडा चांगला असूनही आजोबांना धाप लागत असेल, तर आकडा बाजूला ठेवून त्यांना दवाखान्यात न्यावे.