सावळदा मृत्पात्रे

तापी खोऱ्यात ताम्रपाषाण युगात, म्हणजे दगडी पात्यांच्या जोडीला तांब्याचीही हत्यारे वापरात आली त्या काळात, घडवलेल्या चित्रित भांड्यांच्या एका प्रकाराला सावळदा मृत्पात्रे असे म्हणतात. शहादा तालुक्यातील (जि. नंदुरबार) तापीकाठच्या सावळदा गावावरून हे नाव पडले असून, ही भांडी वापरणाऱ्या लोकांच्या संस्कृतीलाही तेच नाव दिले जाते. तिचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. २२०० ते १८०० असा धरतात. भुसावळ-वरणगावच्या परिसरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या तापीच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी काळ्या मातीत मधूनच उठून दिसणारी जी पांढरीची टेकाडे आहेत, म्हणजे जुन्या वस्त्यांची राख, माती व खापरे साचून झालेले उंचवटे, त्यांतूनच खानदेशाचा हा आरंभीचा इतिहास हाती आला. गिरणाकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केल्यानंतर खानदेशातील ताम्रपाषाण वस्त्यांचा क्रम स्पष्ट होऊ लागला.

या भांड्यांची माती मध्यम ते जाड पोताची असून ती मंद गतीच्या चाकावर घडवलेली आहेत. घडवलेले भांडे भाजण्यापूर्वी त्यावर पातळ कालवलेल्या बारीक मातीचा थर देतात, त्याला लेप म्हणतात. सावळदा भांड्यांवरील लेप दाट असतो आणि तो फिकट तपकिरी, चॉकलेटी, तांबडा किंवा गुलाबीसर दिसतो. आव्यात भाजताना आतील माती आणि वरचा दाट लेप सारख्या प्रमाणात आकसत नसल्याने पृष्ठभागावर बारीक तड्यांचे जाळे पडते, आणि हे जाळे या भांड्यांची एक ठळक खूण ठरते. लेप व झिलई यांत गल्लत होऊ देता कामा नये, कारण लेप ही अखेर मातीच असते, तर झिलई म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसलेली काच होय. झिलई नसल्यामुळे सावळदा भांड्यांचा रंग मातीतच मुरलेला दिसतो.

नक्षी मुख्यतः गेरूसारख्या तांबड्या रंगाने, आणि क्वचित काळ्या वा पांढऱ्या रंगाने काढलेली असते. खनिज मातीतून मिळणारे असे रंग आव्याची आच सोसतात, म्हणून चित्र काढून भांडे एकदाच भाजले की काम पुरे होते. रंगांची संख्या मोजकी राहिली त्याचे कारण या एकाच भाजणीत आहे. इराणमधील काशान येथे बाराव्या शतकाच्या अखेरीस व तेराव्याच्या आरंभी झालेली मीनाई भांडी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. त्यांवर निळा, फिरोजी असे काही रंग पांढऱ्या झिलईबरोबर पहिल्या भाजणीत बसवत, आणि एवढी आच न सोसणारे तांबडा, काळा व सोनेरी रंग तयार झिलईवर काढून भांडे पुन्हा मंद आचेवर भाजत. दागिन्यांवरील मीनाकामाशी या रीतीचे नाते जवळचे आहे, कारण तेथेही काचेची रंगीत पूड धातूवर भाजून पक्की करतात. दोन भाजण्यांमुळे काशानच्या चित्रकाराला स्वार, दरबार आणि शाहनामा या फार्सी महाकाव्यातील प्रसंग अनेक रंगांत रंगवता आले. खानदेशी कुंभाराकडे ही सोय नव्हती, त्यामुळे त्याची सारी भिस्त रेषेवर होती.

आणि ती रेषा फार बोलकी आहे. भौमितिक नक्षीबरोबर मासे, पक्षी व इतर प्राणी तर येतातच, परंतु या भांड्यांचे खरे वेगळेपण त्यांवरील आयुधांच्या चित्रांत आहे. दोन्ही अंगांना उलटे काटे असलेले मासेमारीचे भाले आणि बाणांची टोके भांड्यावर पुन:पुन्हा काढलेली दिसतात. दक्षिणेच्या ताम्रपाषाण भांड्यांत हा विषय इतक्या आवडीने क्वचितच आढळतो. नदीकाठी राहणाऱ्या, शेतीबरोबर मासेमारी व शिकारही करणाऱ्या समाजाने आपली रोजची हत्यारे भांड्यावर उतरवली, हा या चित्रांचा सर्वांत सरळ अर्थ होय. बैठकीची थाळी, म्हणजे उंच पायावर बसवलेले ताट, आणि उंच गळ्याची मडकी हे या प्रकारातील ठळक घाट आहेत.

साक्री तालुक्यातील (जि. धुळे) कवठे येथे म. के. ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेले उत्खनन या विषयात विशेष महत्त्वाचे आहे, कारण तेथे सावळदा संस्कृतीचीच वस्ती असल्याने तिचे अवशेष नंतरच्या थरांत मिसळलेले नाहीत. तेथील रहिवासी जमिनीत खड्डे घेऊन त्यांवर छप्पर घातलेल्या गोल घरांत राहत असत. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे (श्रीरामपूर तालुका, जि. अहिल्यानगर) मात्र हीच भांडी वापरणाऱ्या लोकांची एक ते तीन खोल्यांची मातीची घरे, चुली व धान्याची पेवे सापडली. गहू, सातू, वाटाणा व मसूर ही पिके, तसेच हाडाची बाणाग्रे तेथील थरांत मिळाली, आणि भांड्यावरील बाणाची प्रत्यक्ष वस्तूशी जोड लागली. देशपांडे यांच्या येथील उत्खननानंतर एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी १९७४ ते १९७९ या काळात दायमाबादला केलेल्या उत्खननांत सर्वांत खालचा थर सावळदा संस्कृतीचा ठरला. त्यावर क्रमाने उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे या संस्कृतींचे थर आहेत.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावावरून नाव मिळालेली जोर्वे भांडी पातळ, खणखणीत भाजलेली व तांबड्या अंगावर काळ्या रेषांनी सजवलेली असतात. घडणीत ती सावळदा भांड्यांहून निःसंशय सरस आहेत. तथापि त्यांवर चौकटी, तिरप्या रेषा व त्रिकोण यांचेच राज्य आहे. प्राणी त्यांवर क्वचितच दिसतात आणि काटेरी भाले तर जवळजवळ नाहीसेच होतात.