शिकवणाऱ्यानं शिकायचं कधी? हिंगोलीतल्या कॉम्प्युटरच्या मास्तरांचा थोडा इतिहास

शिकवता शिकवता शिकणं ही आपल्या जिल्ह्यात नवी गोष्ट नाही. नरहर कुरुंदकर मूळ वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. १९५५ पासून ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते. शाळेत शिकवत असतानाच त्यांनी स्वतःचं शिक्षण पुरं केलं, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढं प्राचार्य. अजून मागं जायचं तर नरसीचे नामदेव आहेतच. गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणं मारून 'हे मडकं कच्चं' असं सांगितलं आणि नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांपुढं शिष्य म्हणून जाऊन बसले, असं परंपरा सांगते. ज्यांचं कीर्तन ऐकायला लोक जमायचे ते स्वतः पुन्हा विद्यार्थी झाले. (त्यांना एनओसी लागली नव्हती, हा भाग वेगळा.)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मी गेली कैक वर्षं जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर सायन्स शिकवतो आणि सोबत नांदेडला पीएच.डी. करतो. मोडी लिपीतली अक्षरं मशीनला ओळखायला शिकवणं हा माझा विषय. दोन्ही कसं जमतं असं लोक विचारतात, आणि उत्तर यायच्या आत सल्लाही देतात : "सर, वेळेचं नियोजन करा." मला वाटतं हा प्रश्न घड्याळाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. आमचा विषय कॉलेजात कोणत्या दारानं आला, ते बघितलं की पुढचं आपोआप कळतं.

आपल्याकडं उच्च शिक्षण उशिरा आलं. निजामाच्या काळात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ चं. १९५० ला औरंगाबादेत बाबासाहेबांनी मिलिंद काढलं, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स उभं राहिलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चं, आणि परभणीतून आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. जुन्या पिढीतले कितीतरी प्राध्यापक नुसतं एम.ए., एम.एस्सी. करून लागले आणि पीएच.डी. नोकरीत असताना केली. त्यात कमीपणा कुणालाच वाटला नाही, कारण व्यवस्थेनंच ते धरून ठेवलं होतं. यूजीसीची शिक्षकांसाठी फेलोशिप होती. कायम शिक्षकानं विद्यापीठात जाऊन संशोधन करायचं, त्याचा पगार चालू राहायचा आणि त्याच्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाचा पगार यूजीसी द्यायची. म्हणजे पोरांचे तासही बुडत नव्हते. इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी केंद्र सरकारनं १९७० सालीच क्यूआयपी सुरू केलं. कॉलेजचा मास्तर पगारी रजेवर आयआयटीत जाऊन एम.टेक., पीएच.डी. करून परत यायचा.

मग कॉम्प्युटर आला. सुरुवातीला तो शिकवायला वेगळा माणूस नव्हताच. गणिताचे, फिजिक्सचे, स्टॅटिस्टिक्सचे, इलेक्ट्रॉनिक्सचे सर एखादा डिप्लोमा करून पास्कल आणि सी शिकवायचे. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. रात्री स्वतः शिकायचं आणि सकाळी तेच पोरांना शिकवायचं, हे त्यांनी कुठल्याही योजनेशिवाय केलं. पण त्यांच्या पायाखाली पक्की जमीन होती, कारण गणिताचं अनुदानित पद त्यांच्याकडं होतं.

आमच्या पिढीपाशी ती जमीन नाही. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि २००१ ला त्या 'विनाअनुदानित'च्या आधी 'कायम' हा शब्द चिकटला. नेमक्या याच काळात आपल्याकडच्या आर्ट्स-सायन्स कॉलेजांत बी.एस्सी. कॉम्प्युटर आणि बीसीए सुरू झाले. सरकारनं अनुदानाचं दार लावलं आणि त्यानंतर आमचा विषय गावात आला. बहुतेक ठिकाणी तो पोरांच्या फीवरच चालतो. पद मंजूर नाही म्हणून कायम शिक्षक नाही, आणि कायम शिक्षक नाही म्हणून पगारी रजाही नाही. यूजीसीची ती फेलोशिप आमच्या कामाची नव्हतीच, पुढं बाराव्या योजनेबरोबर, म्हणजे मार्च २०१७ ला, तो मार्गच संपला. क्यूआयपी इंजिनिअरिंगवाल्यांचं, त्यात बी.एस्सी. बसत नाही. २०२४-२५ पासून बीसीए एआयसीटीईकडं गेलंय आणि बी.एस्सी. कॉम्प्युटर बाहेरच आहे, म्हणजे एकाच लॅबमध्ये आता दोन मालक. राज्यानं २०२१ ला सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदं भरायला मान्यता दिली तेव्हा पेढे वाटले गेले, पण जिथं पदच नाही तिथं भरणार काय?

नियमांची गंमत अजून वेगळी. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची केली होती. गावाकडं पोचेपर्यंत ते 'सगळ्यांनाच सक्ती' असं झालं आणि नोंदणीसाठी रांग लागली. सक्ती पुढं ढकलून जुलै २०२३ वर नेली, आणि तो महिना उजाडला तेव्हा नेट-सेट पुरेसं आहे, पीएच.डी. ऐच्छिक, असं ठरलं. तोवर लोकांची अर्धी वाट चालून झाली होती.

२०२२ च्या पीएच.डी. नियमात पार्टटाइम विद्यार्थ्याला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात वरिष्ठांनी लिहून द्यायचं की याच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि कोर्सवर्कसाठी लागलं तर याला कामातून मोकळं करू. कायम शिक्षकासाठी हे वाक्य म्हणजे आधार आहे. तासिकेवाल्याला मोकळं करणं म्हणजे तेवढ्या तासांचे पैसे कापणं. आणि ज्याची नेमणूक परीक्षा आली की संपते, त्याच्या सहा वर्षांच्या अभ्यासाची हमी कोण लिहून देणार?

मग फुलटाइम करा, असंही सांगणारे आहेत. जेआरएफ २०२३ पासून महिना ३७,००० झाली. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत. पण त्यांना पूर्णवेळ संशोधनाची अट आहे, शिकवणं सोडावं लागतं. घर चालणं महत्त्वाचं म्हणून काहींनी सोडलंही आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण दर वर्षी असा एकेक अनुभवी शिक्षक वर्गातून उठून गेला, तर सेनगाव-कळमनुरीच्या पोराला डेटा स्ट्रक्चर कोण शिकवणार?

बरं, आमच्या विषयात शिकणं फक्त बढतीसाठी नसतं. मी लागलो तेव्हा अभ्यासक्रमात व्हिज्युअल बेसिक होतं, आता पायथन आणि मशीन लर्निंग आहे. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या सरांचा ग्रंथ दर पाच वर्षांनी बदलत नाही (ते म्हणतात, अर्थ बदलतो, तेही खरंच). खरं सांगायचं तर आम्हाला तारलं ते एनपीटेलनं. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची लेक्चरं २००३ च्या त्या प्रकल्पामुळं फुकट मिळू लागली. लेक्चर मिळालं, पण मशीन मिळालं नाही. कुरुंदकरांना ग्रंथालय आणि कंदील पुरला असता. मला जीपीयू लागतो. तो मी गुगल कोलॅबवर फुकटात वापरतो. रात्री मॉडेल लावून झोपायचं, आणि लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की सेशन खलास. सकाळी साडेसातला प्रॅक्टिकल असतंच.

यावर उपाय नाही असं नाही. जयंत नारळीकरांनी पुण्यात आयुका उभारली ती १९८८ ला. तिथं विद्यापीठ-कॉलेजच्या शिक्षकांसाठी व्हिजिटिंग असोसिएट योजना आहे. शिक्षक आपली नोकरी सांभाळून सुटीत तिथं जाऊन राहतो, लायब्ररी आणि कॉम्प्युटर वापरतो, पेपर लिहून परत वर्गावर येतो. छोट्या गावातल्या मास्तरला नोकरीतून उपटून न काढता संशोधनात ठेवायचं, हा त्यामागचा विचार. खगोलशास्त्राला हे मिळालं, कॉम्प्युटर सायन्सला मात्र असं घर कुणी बांधून दिलं नाही. आता त्याच आयुकाचा सहभाग असलेली लिगो प्रयोगशाळा आपल्या औंढा तालुक्यात दुधाळ्याला उभी राहतेय. एप्रिल २०२३ ला केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी शोधणं म्हणजे निम्मं काम डेटाचंच.

विष्णुपुरीच्या आपल्या विद्यापीठानं चार गोष्टी केल्या तरी पुरे. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुटीत बाहेरच्या शिक्षक-संशोधकांना लॅब उघडी ठेवावी आणि हॉस्टेलला खोली द्यावी. एक सर्व्हर असा असावा की जो हिंगोलीतून लॉगइन करून वापरता येईल. कोर्सवर्क शनिवार-रविवारी ठेवावं. आणि तासिकेवरच्या माणसाचं ना-हरकत पत्र एका सत्रापुरतं नको, नोंदणीच्या पूर्ण मुदतीसाठी धरावं. यातल्या एकाही गोष्टीला मुंबईहून जीआर यायची गरज नाही. अधिसभेवर आपण पदवीधरांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत. पुढच्या बैठकीच्या आधी त्यांना गाठून हे मुद्दे लेखी द्यायचे आहेत. निवेदनाचा मसुदा तयार आहे, सही करायची असेल त्यांनी मला कळवा.